काठावरचा उंट

...नाही, पण मला एवढं सांगा, त्या उंटाचं पुढं झालं काय? कुणी सांगेल? नाही! घरात दोन-दोन डॉक्टर, म्हणजे इंजेक्शनवाले नव्हेत हो, पुस्तकं लिहून होतात ते डॉक्टर, एक लेक आणि एक जावई. जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं, बाथरूमला जायचं तरी वाटेतली दोन पुस्तकं बाजूला करावी लागतात, आणि एका म्हाताऱ्याला उंट पाण्यात उतरला का नाही उतरला, एवढं सांगायला कुणी रिकामं नाही! वर मलाच विचारणार, "बाबा, आज भुंगीबरोबर तुमचा दर्जेदार वेळ झाला का?" दर्जेदार! अहो, मी जन्मभर चादरींचा दर्जा बघितला. ही चांगली, वॉर्डात पाठवा. ही विरली, फाडून फडकी करा. वेळेलासुद्धा दर्जा असतो हे मला दात पडायला लागल्यावर कळलं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल याला ऊन लागलंय.

तर मी चौथी पास. म्हणजे चौथीच्या परीक्षेला बसलो होतो, आणि निकाल आणायला घरातून कुणी गेलंच नाही, तेव्हा पास झालो असं धरून चाललोय. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चिकटलो तो तिथूनच निवृत्त झालो. तळघर. खिडकी नाही. वाफ एवढी की समोरचा माणूस आवाजावरून ओळखायचा. मशीनमधून ओल्या चादरी ओढा, तापलेल्या रोलरवर घाला, पलीकडून दोघांनी धरा, घडी, परत घडी, गाठोडं, ट्रॉली, चला पुढची! बायको शिवणकामाच्या कारखान्यात, गणवेशाच्या सदऱ्यांना बाह्या लावायची. नुसत्या बाह्या! अख्खा सदरा काही तिच्या हाताखालून कधी गेला नाही. अशा आम्ही दोघांनी मिळून एक मुलगी वाढवली... वाढवली कसली, आम्ही आळीपाळीनं दमून घरी यायचो आणि मधल्या वेळात ती आपली आपण वाढली. आणि वाढता वाढता शिकली. इतकी शिकली की आम्हाला तिचं प्रगतिपुस्तक वाचून दाखवायला शेजारच्या मास्तरांना बोलवावं लागायचं, आणि मास्तर म्हणायचे, "हे मलापण नीट कळत नाही, पण चांगलं आहे."

आता ती कॉलेजात शिकवते. आणि तिचा अभ्यास कशावर, माहितीय? आईबाप मुलांबरोबर किती वेळ घालवतात आणि त्या वेळात काय करतात, यावर! मी म्हटलं, "अगं, याचासुद्धा अभ्यास करतात?" म्हणाली, "बाबा, जगभर करतात." जगभर करत असतील तर आपण कोण विचारणार?

बायको गेली तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, आता एकटं राहायचं नाही, इकडे या." आलो. आणि आल्या आल्या माझी शिकवणी सुरू! भुंगी म्हणजे माझी नात, पहिलीत आहे, दिवसभर काहीतरी गुणगुणत घरभर फिरते म्हणून मीच ठेवलेलं नाव. तिनं एक चित्र काढलं. घर होतं का म्हैस होती मला नीट कळलं नाही, पण मी म्हणालो, "वा! काय हुशार आहे माझी नात!" झालं! स्वयंपाकघरातून लेकीची मान बाहेर. "बाबा, हुशार म्हणायचं नाही."

"मग काय, ढ म्हणू?"

"तसं नाही हो! कौतुक मुलीचं नाही करायचं, प्रयत्नांचं करायचं. म्हणायचं, 'किती मन लावून रंगवलंस!'"

बरं. म्हटलं, शिकू. दुसऱ्या दिवशी भुंगीनं दूध सांडलं. अख्खा पेला, थेट गालिच्यावर. मी लगेच म्हणालो, "वा, किती मन लावून सांडलंस!"... तर तेही चुकलं!

मग प्रश्न विचारायचा धडा. "बाबा, होय-नाही असं उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे नाहीत. 'शाळा आवडली का?' असं नाही. तिला बोलतं करायचं. 'आज शाळेत तुला कशाचं आश्चर्य वाटलं?' असं विचारायचं." मी विचारलं. चार वेळा घरातल्या घरात सराव करून विचारलं. भुंगीनं दप्तर काढलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, शाळेत नाही वाटलं. तू हे विचारलंस त्याचं वाटलं."

लेक मला अहो-जाहो करते आणि नात अरे-तुरे. खरं सांगू? मला नातीचं बरं वाटतं.

आमच्या घरी प्रश्न होते दोन. लवकर आलो तर "जेवलीस?" आणि उशिरा आलो तर "निजलीस?" आता 'निजलीस' या प्रश्नाला निजलेलं मूल काय उत्तर देणार? पण माझी लेक गुणाची, आतून "हो" म्हणायची! आणि मी म्हणायचो, "मग झोप." संपलं संभाषण. त्यात दर्जा किती, तुम्हीच बघा!

पण तुम्हाला सांगतो, थट्टा एकीकडे... ती कामावरून येते ना संध्याकाळी, दिवसभर उभी राहून आलेली बाई, पाय सुजलेले, पर्स सोफ्यावर टाकते आणि सरळ जमिनीवर पालथी पडते. भुंगीच्या शेजारी, कोपरांवर. आणि मग ते लाकडी ठोकळे बोलायला लागतात! लाल ठोकळा चिडका, पिवळा ठोकळा घाबरट, आणि हिरवा आहे त्याला ऐकूच कमी येतं. सगळ्यांचे आवाज लेक काढते. मध्येच घोडा होते, मध्येच गिऱ्हाईक होते. आणि मी खुर्चीत बसून बघतो. हातात पेपर धरतो, पण बघतो पेपराच्या वरून. मनात येतं, हे ही कुठं शिकली? आमच्याकडून नाही! मी काही घोडा झालेलो नाही. माझा बाप तर... त्याच्या पाठीवर मी चढलो असतो तर त्यानं सवयीनं मला गोदामात नेऊन पोत्यांवर ठेवलं असतं! हमाल होता हो, पाठीवर काही आलं की ते कुठंतरी उतरवायचं, एवढंच त्याला माहीत. मग ही शिकली कुठं? पुस्तकातून! पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकतं का? पण ही शिकली, आणि हात मारत मारत चालली पुढं. आणि मला बसल्या जागी असं काहीतरी होतं... असूया म्हणू नका. आजोबाला नातीची असूया वाटते म्हटलं तर लोक हसतील. पण समजा वाटली, तर ती साधारण अशीच वाटत असेल.

आता उंट.

रोज संध्याकाळी जेवणं झाली की भुंगी पलंगावर आणि लेक तिच्या शेजारी पुस्तक घेऊन. पुस्तकं शंभर, पण भुंगीला हवा उंटच. एक होता उंट. त्याला पोहायचं होतं. तो विहिरीकडे गेला, विहीर म्हणाली, "तू माझ्यात मावणार नाहीस." ओढ्याकडे गेला, ओढा म्हणाला, "मी तुझ्या गुडघ्याला पुरणार नाही." बदकाला विचारलं, बेडकाला विचारलं, सगळ्यांनी त्याची मान आणि कुबड बघून मान हलवली. शेवटी उंट येतो मोठ्या तळ्याच्या काठावर. आणि उंटाचा आवाज कसा काढते लेक, ऐकाच, "मीऽऽ... उतरूऽऽ?"... हो! आमच्या घराण्यात असा आवाज कुणी काढला नव्हता! तर उंट काठावर उभा राहतो, एक पाय उचलतो... आणि भुंगी झोपते. रोज! त्याच पानावर! लेक पुस्तक मिटते, दिवा मालवते, बाहेर येते आणि मला म्हणते, "बाबा, झोपा आता." अरे, झोपा काय? मी बाहेर खुर्चीत बसलोय कान लावून, तिकडे उंटाचा एक पाय हवेत आहे, आणि मी झोपू? दुसऱ्या दिवशी म्हणावं कालच्या पुढून वाचा, तर भुंगी ओरडते, "पहिल्यापासून!" की परत विहीर, परत ओढा, परत बदक... आणि उंट काठावर!

तुम्ही म्हणाल, मग दिवसा पुस्तक काढून बघायचं की! वाचता येतं हो मला, अगदीच असा नाही मी. जोडाक्षर आलं की जरा पाय घसरतो एवढंच. एकदा घेतलंही होतं हातात. भुंगीनं येऊन हळूच काढून घेतलं. "आजोबा, हे आईचं आणि माझं आहे." रागानं नाही हो, अगदी समजावून. तिला समजावून सांगायलाच शिकवलंय ना! मी म्हटलं, "बरोबर आहे." आणि पेपर उघडला. शिवाय पान उलटून शेवट कळेल, पण आवाज? "मीऽऽ उतरूऽऽ" कोण म्हणणार? छापलेल्या उंटाला आवाज नसतो.

असे दिवस चालले होते. मग एक दिवस लेक म्हणाली, "शनिवारी माझं व्याख्यान आहे, पालकांसाठी. तुम्ही येता का? घरी एकटे काय कराल?" मी इस्त्रीचा सदरा घातला. इस्त्री मीच केली, त्यात मी कुणाला हात लावू देत नाही. शाळेचा हॉल होता, आईबाप बसलेले, माझ्या शेजारी एक बाई, मांडीवर थर्मास, कागदपेन काढून तयार. मी दुसऱ्या रांगेत. लेक उभी राहिली आणि बोलायला लागली आणि मी... काय सांगू! बोलणं अर्धं डोक्यावरून गेलं, पण माणसं मान डोलवत होती. मी पण डोलवली. आपलीच मुलगी आहे.

मग तिनं पडद्यावर दोन खांब दाखवले. एक उंच, एक बुटका. म्हणाली, "जे आईवडील जास्त शिकलेले असतात ते मुलांबरोबर सरासरी जास्त वेळ घालवतात. खेळतात, वाचून दाखवतात, बोलतात. हा उंच खांब त्यांचा. आणि हा ज्यांचं शिक्षण कमी त्यांचा." बुटका. माझ्या शेजारणीनं लगेच लिहून घेतलं, दोन्ही खांब काढले, आणि बुटका जरा जास्तच बुटका काढला. मी म्हणणार होतो, "बाई, एवढा पण नव्हता हो!" लेक पुढं म्हणाली, "याचा अर्थ त्यांची माया कमी असते असा नाही. पाळ्या असतात, थकवा असतो, आणि मुलाशी बोलणं, खेळणं हेही वाढवणंच असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं." छान सांगितलं. पण मधाचं बोट लावलं तरी खांब काही वाढला नाही.

शेवटी प्रश्न सुरू झाले, आणि मागून एक चष्मेवाला उभा. आवाज असा, की उत्तर त्याच्या खिशातच आहे. "मॅडम, आपल्या स्वतःच्या लहानपणी घरी कसं वातावरण होतं?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, सांग की काहीतरी! तर ती म्हणाली, "माझे वडील दुसऱ्या रांगेत बसलेत. त्यांनाच विचारा ना."

अगं!... माईक आला हो माझ्या हातात! मी आयुष्यात माईक धरला नव्हता, तोंडाला लावायचा का हनुवटीला तेही माहीत नाही. उभा राहिलो. म्हणालो, "नमस्कार. मी लॉन्ड्रीतून." माझाच आवाज छतावरून आला, मी वर बघितलं. सगळे हसले. मग म्हटलं, आता उतरलोच आहोत.

म्हणालो, "मॅडम सांगतात ते बरोबर आहे. आमचा खांब बुटकाच. मी पहाटे निघायचो तेव्हा मुलगी झोपलेली, जादा पाळी करून यायचो तेव्हा मुलगी झोपलेली. मला माझी मुलगी आडवीच माहीत होती." हॉल हसला. म्हणालो, "सुट्टीच्या दिवशी ती उभी असायची, पण त्या दिवशी मी आडवा!" जोरात हसले. मला पण जरा चढलं, खोटं कशाला बोलू. म्हणालो, "म्हणून पहाटे निघताना मी तिला वीत लावून मोजायचो, डोक्यापासून पायांपर्यंत. वाढतेय का बघायला. वाढलेली दिसली की दिवस बरा जायचा. अजून काय करायचं असतं ते कुणी सांगितलं नव्हतं. आता सगळं कळलंय. मॅडम फार छान समजावतात... पण माझी मुलगी आता मोठी झाली."

हे मी हसवायलाच म्हटलं होतं हो! कुणी हसलंच नाही. शेजारच्या बाईनं थर्मास उघडला आणि मला टोपणात चहा ओतून दिला, न विचारता. आणि तिकडे लेक पाठ करून काहीतरी बटण दाबत होती, ते चुकीचं असणार, कारण पडद्यावरची सगळी चित्रं उलट्या क्रमानं पळायला लागली आणि खांब दोनदा येऊन गेले.

परत येताना गाडीत ती आणि मी. ती गाडी चालवतेय, मी पट्टा लावून बसलोय. मग म्हणाली, "बाबा, चिडलात?"

"कशाला? खांब तू काढलास, मी फक्त जाऊन उभा राहिलो शेजारी."

"तो सरासरीचा असतो हो. सगळ्यांचा मिळून."

"सगळ्यांत मी आहे ना?"

"...आहात."

"मग झालं तर."

सिग्नल लागला. ती समोर बघत म्हणाली, "बाबा, मी जागी असायचे."

"कधी?"

"तुम्ही मोजायचात तेव्हा. तुमचा हात गरम असायचा. मी पाय ताणून धरायचे, म्हणजे जास्त भरेल. तुम्ही आईला कुजबुजून सांगायचात, 'वाढली गं!' मग मी पाय सैल सोडायचे."

घ्या! म्हणजे इतकी वर्षं माप खोटं! मी तिथं तळघरात वाफेत उभा राहून मुलगी उंच झाली म्हणून खुशीत रोलर फिरवतोय, आणि इथं ती पाय ताणतेय! मी म्हटलं, "अगं, मग डोळे का नाही उघडलेस?"

म्हणाली, "उघडले असते तर तुम्ही 'झोप' म्हणाला असता. आणि गेला असता."

खरंच म्हणालो असतो. तेवढंच तर बोलायला येत होतं. सिग्नल सुटला, मागचा हॉर्न वाजवायला लागला, आणि मला एकदम वाटलं, आत्ता विचारावं, आत्ता वेळ आहे, "अगं, त्या उंटाचं पुढं काय झालं?" पण ही काय वेळ आहे का? तिचे डोळे भरलेले, रस्त्यावर गर्दी... नाही विचारलं. आणि उंट काठावर!

मग लागली सुट्टी. जावई भुंगीला घेऊन त्याच्या आईवडिलांकडे गेला. लेकीला कॉलेज होतं, ती राहिली. घर असं झालं, तुम्हाला सांगतो, की फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. संध्याकाळी लेक आली, पर्स टाकली आणि जमिनीकडे बघत नुसतीच उभी राहिली. ठोकळे डब्यात. पडायचं कुणाशेजारी? मी पेपराच्या वरून बघतोय, ती माझ्याकडे बघतेय. मी म्हणालो, "जेवलीस?" नुकतीच तर दारातून आली होती! ती म्हणाली, "अजून नाही." मी म्हटलं, "बरं." बघा, परत तेच!

जेवलो. भांडी तिनं घासली, मी पुसली. आणि मग मी पेला पुसता पुसता, तिच्याकडे न बघता, विचारून टाकलं. "काय गं... तो उंट उतरतो का पाण्यात?"

"कुठला उंट?"

"तुमचा. काठावरचा."

तिनं नळ बंद केला. "बाबा, तुम्ही रोज बाहेर बसून ऐकता?"

"कानावर पडतं," म्हटलं. "भिंती काय एवढ्या जाड नाहीत."

ती हसायला लागली. हसता हसता ओल्या हातानंच डोळे पुसले, आणि हात धरून मला भुंगीच्या खोलीत घेऊन गेली. पुस्तक काढलं. मी खुर्ची ओढून ऐकायला बसलो, अगदी नीट, तर ही बया भुंगीच्या पलंगावर आडवी! पाय पलंगाच्या बाहेर हातभर. पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुम्ही वाचा."

"मी? अगं, मी अडखळतो."

"मग अडखळा. मला लहानपणी कुणी वाचून दाखवलं नाही, बाबा." हे तिनं अगदी साधेपणानं सांगितलं, उन्हाळ्यात उकडतं म्हणावं तसं.

चष्मा पुसला. वाचायला लागलो. "ए...क हो...ता उंट." पहिल्या पानावरच घाम! विहिरीशी पोचेपर्यंत घसा कोरडा. 'तुझ्या गुडघ्याला' म्हणजे काय थट्टा आहे? तीन वेळा उडी मारली तेव्हा पार झालो! आवाज कसले काढतोय, विहीर पण माझ्याच आवाजात, ओढा पण माझ्याच, बदक तर लॉन्ड्रीतल्या मुकादमासारखं बोलायला लागलं. मध्येच ती डोळे मिटून म्हणते, "बाबा, तुम्हाला काय वाटतं, उंटाला तेव्हा कसं वाटलं असेल?" मला धडा आठवला, होय-नाही चालत नाही. विचार केला. म्हणालो, "त्याला वाटलं असेल, की सगळे पाण्यात आहेत, मजेत आहेत, आणि आपण दमून-भागून आलो तर आपल्याला उतरायचं कसं तेच येत नाही."

मी वाचत राहिलो. काठ आला. उंटानं पाय उचलला. आणि बघतो तर... हिचा डोळा लागलेला! हे घर आहे का काय आहे? या पानाला काही गुंगीचं औषध लावलंय का?

पान उलटायला बोट लावलं, पण नाही उलटलं. एकट्यानं काय बघायचं? पुस्तक मिटलं, चादर घातली अंगावर, कडा नीट केल्या. आणि हात तिथंच राहिला. बोटं आपोआप पसरली. म्हटलं, अरे, वेडा आहेस का, चाळिशीची बाई आहे, कॉलेजात शिकवते... हात मागं घेतला.

तर डोळे मिटलेलेच, आणि म्हणते, "मोजा ना, बाबा. जागीच आहे."

मोजली हो. डोक्यापासून सुरुवात केली, खांदा, कोपर, आणि मध्येच आकडा विसरलो. खरंच विसरलो. परत पहिल्यापासून सुरू केलं, परत विसरलो. तिनं या वेळी पाय नाही ताणले, गुडघे पोटाशी घेतले होते उलट. कितव्या वितीला ती खरी झोपली मला कळलं नाही.

आणि उंट काठावर!

सुट्टी संपली, भुंगी आली. तिच्या आईनं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण पहिल्याच संध्याकाळी पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभी. "आजोबा, आज तू वाच. आई म्हणाली तू उंटाला छान वाचतोस." वाचलं. भुंगी एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला, मध्ये मी, पलंग बिचारा कुरकुरतोय. भुंगी प्रवासातून आली होती, गाडीत झोप काढलेली, म्हणून टक्क जागी! विहीर झाली, ओढा झाला, बदक मुकादमासारखं बोललं तशी ती खिदळली, काठ आला, पाय उचलला, आणि तिघंही जागे! पान उलटलं. आता उतरणार! आता बुडणार का तरणार, कळणार!... आणि त्या पानावर काय होतं, सांगू? मोठ्या अक्षरांत, रंगीत, "पुढे काय झालं असेल? तुम्हीच सांगा!"

अरे!! मी इतके दिवस खुर्चीत ताटकळलो ते मीच सांगण्यासाठी? ही काय पद्धत झाली? मी लेकीकडे बघितलं, ती म्हणते, "बाबा, मुलांच्या कल्पनाशक्तीला वाव देतात हो." अहो, वाव द्या, पण आधी उंटाला पाण्यात तर घाला! भुंगी मात्र खूश. म्हणाली, "आजोबा, तू सांग." मी सांगितलं, उतरला म्हणून. कसा उतरला, सगळं पाणी कसं काठावर आलं, बेडूक कसे त्याच्या कुबडावर बसून ओरडायला लागले... सांगत सुटलो. चौथी पास माणूस, पण जोडाक्षरं मध्ये नसली की मी थांबत नाही.

तेव्हापासून रोज मीच. पुस्तक पहिल्यापासूनच वाचावं लागतं. मला वाटलं, वा, आपलं वाचणं आवडलं पोरीला! छाती जरा फुगली. परवा लेक फोनवर तिच्या मैत्रिणीला सांगत होती, भिंती जाड नाहीत म्हणून कानावर पडलं हो, "अगं, बाबांनी वाचायला घेतलं ना, की दुसऱ्या पानाला झोपते! मी वाचायचे तर अर्धा तास जागी राहायची! इतके अडखळतात ना, की ऐकता ऐकता डोळेच मिटतात. मी पण झोपते बऱ्याचदा!"

म्हणजे हे असं आहे! म्हातारपणी शिकलेल्या घरात नोकरी लागली, ती कशाबद्दल? तर वाचता येत नाही म्हणून! कायम केलंय, रविवारचीसुद्धा सुट्टी नाही... मागितली पण नाही म्हणा मी.